दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन गावांमधील अंतर किती, हा प्रश्न जमिनीवरून प्रवास करणाऱ्यास सोपा वाटतो. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असतात. रेल्वेच्या वेळापत्रकात प्रत्येक स्थानकापुढे किलोमीटरचा आकडा छापलेला असतो. अंतरास वेगाने भागले की प्रवासाचा काळ निघतो. अंतर जितके अधिक तितका काळ अधिक, हे तर शाळेतील अंकगणितानेच मनावर बिंबवलेले असते. आकाशातून जाणाऱ्या विमानास मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही.

एक खरे उदाहरण पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को ह्या शहरापर्यंत, वाटेत कोठेही न थांबणारी विमानसेवा सुरू केली. प्रारंभी हे विमान पश्चिमेकडे निघे आणि युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून कॅनडावरून जात असे. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्ग बदलण्यात आला. विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे निघून चीन व जपानवरून पॅसिफिक महासागर ओलांडू लागले. हा नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे पहिल्याहून १,४०० किलोमीटरांनी लांब होता. तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचू लागले.

मार्ग लांबला आणि काळ मात्र घटला, हे कसे घडले? त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, ह्या दोन शहरांमधील सर्वांत कमी अंतर १३,९०० किलोमीटरही नाही; ते सुमारे १२,४०० किलोमीटर इतकेच आहे. मग विमान त्या मार्गाने का जात नाही? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की पृथ्वीचा आकार, वातावरणाची गती, विमानाची सुरक्षितता आणि राष्ट्रांच्या सीमा ह्या सर्वांचा संबंध एका प्रवासाशी कसा जडलेला आहे ते दिसून येते.

सपाट नकाशा आणि गोल पृथ्वी

भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को ह्यांना जोडणारी सरळ रेषा पूर्वेकडे काढली, तर ती मध्य चीनवरून शांघायजवळून जाते आणि पुढे पॅसिफिक महासागर ओलांडते. ही रेषा सरळ दिसत असल्यामुळे हाच सर्वांत जवळचा मार्ग असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु पृथ्वी गोल आहे. गोलाचा पृष्ठभाग कागदावर सपाट पसरायचा तर त्यास कोठेतरी ताणावे लागते. नेहमीच्या नकाशांत हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. म्हणूनच ग्रीनलंड हे बेट अशा नकाशात आफ्रिका खंडाएवढे मोठे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

खरे अंतर पाहावयाचे असेल तर शाळेतील पृथ्वीगोल आणि एक दोरा एवढी सामग्री पुरेशी आहे. दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि दोरा ताणून तो आपोआप कोठे स्थिरावतो ते पाहावे. दोरा चीन-जपानकडे वळत नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघतो. हिमालय, तिबेट, अल्ताई पर्वत व सैबेरिया ह्यांवरून तो आर्क्टिक महासागरात ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे जातो आणि अलास्कावरून खाली उतरून सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचतो. पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. दोऱ्याची लांबी सुमारे २९ सेंटिमीटर भरेल. म्हणजे अंतर १२,४०० किलोमीटरांच्या आसपास. आता तोच दोरा नकाशातील सरळ रेषेवरील गावे धरून पूर्वेकडून नेला तर ३५ सेंटिमीटरांहून थोडा अधिक लागेल. म्हणजे सुमारे १५,००० किलोमीटर.

ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो त्यास बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त होय. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. परंतु इतर अक्षवृत्ते तशी नाहीत, कारण त्यांची प्रतले पृथ्वीच्या केंद्रातून जात नाहीत. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट नेहमी बृहद्वृत्तावरूनच जाते. हवाई अंतर म्हणून पुस्तकांत जो आकडा दिलेला असतो तो ह्याच वाटेचा असतो.

जवळची वाट नेहमी घेता येत नाही

दिल्लीहून सरळ उत्तरेकडे निघालेल्या विमानापुढे प्रथम हिमालय व त्यामागे तिबेटचे पठार येते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडत असल्यामुळे पर्वतशिखरे त्याच्या आड येत नाहीत, हे खरे. प्रश्न उद्भवतो तो संकटाच्या वेळी. इतक्या उंचीवरील हवा अतिशय विरळ असल्यामुळे विमानाच्या आत दाब देऊन हवा श्वसनयोग्य राखावी लागते. काही बिघाड होऊन हा दाब नाहीसा झाला, तर प्रवाशांना मुखवट्यातून प्राणवायू मिळतो. पण तो साधारणपणे बारा ते वीस मिनिटेच पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाने विमान सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावे, अशी रीत आहे. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे ४,५०० मीटर आहे. तेथे खाली यायचे म्हटले तरी जागा नाही. म्हणून प्राणवायूचा अधिक साठा व खास तयारी असलेली थोडीच विमाने ह्या पठारावरून जातात. इतर विमाने त्यास वळसा घालतात.

दुसरी अडचण उतरण्याच्या ठिकाणांची. दोन यंत्रांच्या विमानाचे एक यंत्र बंद पडले तरी ते दुसऱ्यावर उडू शकते. मात्र अशा स्थितीत ठरावीक वेळेत पोहोचता येईल असा एखादा विमानतळ मार्गावर सतत जवळ असला पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे महासागर, बर्फाळ प्रदेश वा निर्जन भूभाग ओलांडणारा मार्ग आखताना, विमान कधीही उतरणार नाही अशा विमानतळांचाही विचार करावा लागतो.

हा विचार निव्वळ कागदी नव्हे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेल्या विमानाच्या एका यंत्रात दोष आढळल्यामुळे ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान ह्या शहरी उतरविण्यात आले. विमानात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. ओखोत्स्क समुद्राच्या काठच्या त्या दूरच्या गावी इतक्या माणसांना पुरतील एवढी हॉटेले नव्हती. म्हणून अनेकांची सोय शाळेत व वसतिगृहांत करण्यात आली. पुढे दुसरे विमान पाठवून त्यांना सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचविण्यात आले. नकाशावर कोणाच्या सहसा ध्यानातही न येणारे एक गाव त्या दिवशी २३२ माणसांचा आधार ठरले.

ध्रुवप्रदेशातील थंडीही विचारात घ्यावी लागते. विमानात वापरले जाणारे नेहमीचे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. म्हणून उत्तरेकडील अतिशीत हवेतून जाताना टाकीतील इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. ह्याचा अर्थ ध्रुवाजवळून विमाने जातच नाहीत असा नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूस आलेले एअर इंडियाचे विमान उत्तर ध्रुवावरूनच आले, आणि त्याच्या वैमानिक सर्व स्त्रिया होत्या. मात्र असे उड्डाण पूर्ण तयारीनिशीच करावे लागते.

पृथ्वीचे फिरणे आणि एक गैरसमज

आता मूळ कोड्याकडे वळू. पूर्वेकडचा लांब मार्ग लवकर का संपतो? ह्यावर अनेकांच्या मनात एक शंका येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. मग आकाशात गेलेल्या विमानाखालून पृथ्वी पुढे सरकत जाईल, आणि पश्चिमेकडे जाणारे विमानच लवकर पोहोचेल, असे व्हावयास नको काय?

धावत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू सरळ वर उडवला तर तो मागे न पडता पुन्हा हातातच येतो, हे मुलांनाही ठाऊक असते. चेंडूस गाडीचा वेग आधीच मिळालेला असतो, आणि डब्यातील हवाही गाडीबरोबर चाललेली असते. पृथ्वी व तिचे वातावरण ह्यांचेही असेच आहे. वातावरण पृथ्वीबरोबर फिरते. विमान जमिनीवर उभे असतानाच त्यासही तो वेग मिळालेला असतो. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याने विमानास प्रत्यक्ष लाभही होत नाही आणि हानीही होत नाही. अप्रत्यक्षपणे मात्र होतो. आणि तो वाऱ्याच्या द्वारे.

उंच आकाशातील नदी

विषुववृत्ताकडील हवा तापलेली असते, ध्रुवाकडील थंड असते. उष्ण हवा प्रसरण पावते. त्यामुळे उंचीबरोबर दाब कमी होण्याचा वेग तेथे मंद असतो. थंड हवेत हाच दाब झपाट्याने घटतो. परिणामी दहा किलोमीटर उंचीवर विषुववृत्ताच्या बाजूस दाब अधिक व ध्रुवाच्या बाजूस कमी असा फरक पडतो, आणि हवा ध्रुवाकडे वाहू लागते. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा आपल्या उजवीकडे वळते. उत्तरेकडे निघालेली हवा अशा रीतीने वळत वळत अखेर पूर्वेकडे वाहू लागते. जेथे तापमानातील फरक तीव्र असतो तेथे हा वारा एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. काही शे किलोमीटर रुंद, काही थोडे किलोमीटर जाड आणि हजारो किलोमीटर लांब अशा ह्या पट्ट्यास जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे ताशी शंभर किलोमीटरांच्या वर असतो आणि कधी कधी तो ताशी चारशे किलोमीटरांपर्यंतही जातो. हिवाळ्यात ध्रुव व विषुववृत्त ह्यांच्या तापमानांतील अंतर वाढते. त्यामुळे प्रवाहही प्रबळ होतो. जपान व त्यापलीकडील पॅसिफिक महासागर हे तर त्याच्या सर्वांत प्रबळ क्षेत्रांपैकी होय.

जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी ह्यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरील वाऱ्यांची मोजणी केली. आढळलेल्या प्रचंड वेगांची नोंद त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली. जगातील सर्व शास्त्रज्ञांस ती वाचता यावी म्हणून त्यांनी ती एस्पेरांतो ह्या आंतरराष्ट्रीय म्हणून रचलेल्या भाषेत लिहिली. दुर्दैव असे की ती भाषा जाणणारे थोडेच असल्यामुळे ह्या शोधाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष फारसे गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांस ह्या वाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव आला. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने तोक्योहून होनोलुलूस जाताना मुद्दाम ह्या प्रवाहाचा आश्रय घेतला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत संपविला.

भारतीय आकाशाचीही ह्या अभ्यासात भर आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत तिबेटचे पठार इतके तापते की त्यावरील हवा हिंदी महासागरावरील हवेहून उष्ण होते. नेहमीचा क्रम उलटतो आणि दक्षिण भारतावर सुमारे चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह निर्माण होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या प्रवाहाचा शोध लावला. मोसमी पावसाच्या अभ्यासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

कोड्याचा उलगडा

भरल्या नदीतून जाणारी नाव डोळ्यांपुढे आणावी. नावाडी वल्ही मारतो ती पाण्याच्या आधाराने. नावेस जी गती येते ती पाण्याच्या सापेक्ष असते. प्रवाहाबरोबर जाताना काठावरील झाडे भराभर मागे पडतात. प्रवाहाविरुद्ध जाताना तेवढेच श्रम करूनही ती जागच्या जागी रेंगाळतात. विमानाचे काठ म्हणजे जमीन, आणि नदी म्हणजे वारा.

२०१६ साली मार्ग बदलला तेव्हा असे सांगण्यात आले होते की, अटलांटिकच्या मार्गावर विमानास सरासरी ताशी २४ किलोमीटरांचा वारा समोरून लागे, तर पॅसिफिकच्या मार्गावर सरासरी ताशी १३८ किलोमीटरांचा वारा पाठीमागून मिळे. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरून गणित करून पाहू.

अटलांटिकचा मार्ग : जमिनीसापेक्ष वेग ९०० उणे २४, म्हणजे ८७६ किलोमीटर. १३,९०० किलोमीटरांस लागणारा काळ १५ तास ५२ मिनिटे.

पॅसिफिकचा मार्ग : जमिनीसापेक्ष वेग ९०० अधिक १३८, म्हणजे १,०३८ किलोमीटर. १५,३०० किलोमीटरांस लागणारा काळ १४ तास ४४ मिनिटे.

लांबच्या मार्गाने एक तास आठ मिनिटे वाचली. हेच दुसऱ्या रीतीने मांडता येते. पहिल्या मार्गावर विमानाने हवेतून कापलेले अंतर सुमारे १४,३०० किलोमीटर होते, दुसऱ्यावर सुमारे १३,३०० किलोमीटर. जमिनीवर मोजले तर पॅसिफिकचा मार्ग १,४०० किलोमीटरांनी लांब. हवेत मोजला तर तोच १,००० किलोमीटरांनी जवळ. विमान हवेत उडते. म्हणून त्यास मोजावे लागते ते हवेतील अंतर. कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

आता हेच विमान त्याच वाटेने व तशाच वाऱ्यात परत आणावयाचे म्हटले तर जमिनीसापेक्ष वेग ७६२ किलोमीटरांवर येईल आणि प्रवासास वीस तासांहून अधिक काळ लागेल. गेलेल्या वाटेनेच परत यावे, हा जमिनीवरचा नियम आकाशात चालत नाही तो ह्यामुळे. वारेही रोज एकसारखे नसतात. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी हवामानाचे अंदाज पाहून त्या दिवसाचा मार्ग आखला जातो. एकाच दोन शहरांमधील विमान आज एका वाटेने जाते तर उद्या दुसऱ्या.

एका तासाची किंमत

एक तास वाचला तर काय मोठे, असे कोणास वाटेल. त्या वेळी ह्या मार्गावर वापरल्या गेलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर ह्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८०,००० लिटर, म्हणजे सुमारे १४५ टन इंधन मावते. पूर्ण भारासह उड्डाण करतानाचे त्याचे वजन जास्तीत जास्त सुमारे ३४७ टन असू शकते. म्हणजे वजनाचे जवळजवळ दोन पंचमांश इंधनच असते. अशा विमानास तासाला साधारणपणे सात ते आठ टन इंधन लागते. शिवाय शेवटच्या तासाचे इंधन आधीचे सर्व तास वाहून न्यावे लागते, आणि त्या वाहण्यासाठीही इंधन खर्ची पडते. एक किलोग्रॅम इंधन जळाले की तीन किलोग्रॅमांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे एका उड्डाणातील एक तास वाचला की वीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळतो. वाऱ्याचे ज्ञान हे अशा रीतीने इंधनाइतकेच मोलाचे ठरते.

घड्याळ आणि पंचांग

ह्या प्रवासात घड्याळही चकवते. समजा, हिवाळ्यातील एका दिवशी पहाटे चार वाजता विमान दिल्लीहून पूर्वेकडे निघाले आणि पंधरा तासांनी पोहोचले. दिल्लीत तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतील. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात भारतीय घड्याळाच्या साडेतेरा तास मागे असते. तेथे त्याच तारखेच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. घड्याळे पाहून हिशेब करणाऱ्यास अर्धी पृथ्वी दीड तासात ओलांडली असे वाटेल! विमानाने वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे पंचांगातील एक दिवस मागे आला, इतकेच. परतीच्या वेळी हे ऋण फिटते. सकाळी दहास सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला प्रवासी सोळा तासांनी दिल्लीस उतरतो तेव्हा येथे दुसऱ्या दिवसाचे दुपारचे साडेतीन झालेले असतात. प्रवाशाचे शरीर मात्र दोन्ही वेळा खरे तासच मोजते. म्हणून नव्या गावी त्यास काही दिवस अवेळी झोप व अवेळी भूक लागते.

आकाशातील सीमा

वाऱ्यास सीमा नाहीत, विमानास आहेत. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण स्वामित्व मानले जाते. ते आकाश बंद झाले की भूगोल तोच राहूनही अंतर वाढते. २०२२ साली युक्रेनमधील युद्धानंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, आणि फिनलंडमधील हेलसिंकीहून तोक्योस जाणाऱ्या विमानांना नऊ-दहा तासांऐवजी सुमारे तेरा तास लागू लागले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, आणि उत्तर अमेरिकेस निघालेली काही विमाने इंधन भरण्यासाठी व्हिएन्ना येथे उतरवावी लागली. दूरच्या मुलाबाळांस भेटावयास निघालेल्या वृद्ध प्रवाशास हा वळसा आकड्यांतून कळत नाही. तो खुर्चीत काढलेल्या जादा तासांतून कळतो.

तेव्हा दोन दूरच्या शहरांमधील अंतर किती, ह्या प्रश्नास एकच उत्तर नाही. पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा एक उत्तर देतो, वारा दुसरे देतो, सुरक्षिततेचे नियम तिसरे आणि राष्ट्रांचे परस्परसंबंध चौथे. विमानाचा मार्ग आखणारास ही चारही उत्तरे एकत्र जुळवावी लागतात. शाळेतील गोलावर दोरा ताणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ह्यांपैकी पहिले उत्तर स्वतःच्या हाताने मिळवलेले असते. उरलेल्या तिहींकडे जाण्याची वाट तेथूनच सुरू होते.